बेचाळीस वाघिणी

इंग्रजीतील वॅगन मराठी जिभेवर रुळता रुळता कधीतरी वाघीण झाली, आणि पुढे वर्तमानपत्रांनीही तिला तशीच स्वीकारली. कोळशाच्या वाघिणी, खताच्या वाघिणी, रुळावरून घसरलेल्या वाघिणी. अक्कलकुव्यात मात्र हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी. मोलगी-धडगावच्या डोंगरातून उतरून येणारा ग्राहक वाघदेवाला मानणारा. "शेठच्या माळ्यावर बेचाळीस वाघिणी आहेत," असे दुकानातील नोकर एकदा सहज बोलून गेला, तेव्हा मोहाची फुले विकायला आलेल्या एका वृद्धाने न मोजताच आपले गाठोडे उचलले, अशी कथा पेठेत अजून सांगितली जाते.

या वाघिणी चौदा-पंधरा सेंटिमीटर लांबीच्या आहेत. अंग प्लॅस्टिकचे, चाके धातूची. खऱ्या मालडब्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढ्या. त्यांचे धनी भुसार मालाचे व्यापारी असून सारी पेठ त्यांना काकाजी म्हणते. आमचूर, भगर, चारोळी, तूर हा त्यांचा व्यवहार. वय साठीच्या पुढे. घर ओसवाल घरांना साजेसे, पुढे दुकान, मागे वखार आणि वर माळा. पेठेतील घरे रुंदीने अरुंद आणि लांबीने भरपूर असतात. ही गोष्ट त्यांच्या छंदाच्या फार पथ्यावर पडली, कारण मालगाडीला लागते ती लांबीच.

अक्कलकुव्याला रेल्वे नाही. शिटी ऐकायची तर चाळीसेक किलोमीटर दूर नंदुरबार गाठावे लागते. सुरत-भुसावळ मार्गावरील हे स्टेशन मूळचे ताप्ती व्हॅली रेल्वेचे. ज्या गावात रूळच नाहीत, तेथे मालडबे जमवण्याचे वेड यावे कोठून, असा प्रश्न बाहेरच्याला पडेल. व्यापारी घरातील माणसाला पडू नये. काकाजींच्या वडिलांच्या काळी एखाद-दुसरी वाघीणही स्वतंत्रपणे बुक करता येत असे. मालाआधी रेल्वेची पावती येई, ती बँकेतून पैसे भरून सोडवावी लागे, मग मालधक्क्यावर जाऊन सील तपासायचे, डब्याचा क्रमांक पावतीशी ताडून पाहायचा, आणि त्यानंतरच दार उघडायचे. वडिलांबरोबर धक्क्यावर जाणाऱ्या मुलाकडे क्रमांक मोठ्याने वाचण्याचे काम असे. एक आकडा चुकला तर दुसऱ्याचा माल आपल्या गाड्यावर चढेल, ही त्या वयातील सर्वांत मोठी जबाबदारी होती. पुढे, साधारणतः १९८० च्या दशकापासून, रेल्वेने सुट्या वाघिणींकडे पाठ फिरवून पूर्ण रेकच्या वाहतुकीवर भर दिला. छोट्या गावचा व्यापारी ट्रककडे वळला. धक्क्याशी असलेले नाते तुटले, पण क्रमांक वाचण्याची सवय तुटली नाही.

आजही नंदुरबारच्या फाटकापाशी गाडी थांबली की काकाजी जाणाऱ्या वाघिणींचे क्रमांक वाचतात. आपल्या रेल्वेच्या प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडे असतात. पहिले दोन वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालक रेल्वे, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, नंतरचे चार तिचा स्वतःचा क्रमांक. आणि शेवटचा एक आकडा केवळ राखणदार म्हणून असतो. सम स्थानांवरील आकड्यांच्या बेरजेची तिप्पट करायची, तीत विषम स्थानांवरील आकडे मिळवायचे आणि येणारी संख्या पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेण्यासाठी जेवढे कमी पडेल, तेवढा तो अकरावा आकडा. लिहिताना कोणी चूक केली की हिशेब जुळत नाही. नातू आता हे गणित तोंडी करतो. खतावणीचा मेळ घालणाऱ्या घराण्यात याहून चांगली शिकवणी मिळणे अवघड.

पहिली छोटी वाघीण आली ती लेक न्यू जर्सीला नांदायला गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीला. लेकीने ती खेळण्यांच्या दुकानातून नव्हे, तर आगगाड्यांच्या प्रतिकृतींचाच व्यापार करणाऱ्या दुकानातून आणली होती. ती अमेरिकेतील पीएस-१ जातीची बंद वाघीण होती. पुलमन-स्टँडर्ड कंपनीने या खऱ्या वाघिणी १९४७ पासून बांधल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेचे चिन्ह असलेला डोंगरी बकरा तिच्या अंगावर होता. काकाजींनी चष्मा काढून, डोळ्यांजवळ नेऊन तिच्यावरील अक्षरे वाचली: रिकाम्या डब्याचे वजन, भार वाहण्याची क्षमता, बांधणीचा महिना. नखाएवढ्या जागेत सर्व काही वाचता येत होते. दार सरकत होते. दार उघडून त्यांनी आत पाहिले, आणि आत माल नाही याचे त्यांना क्षणभर खरोखर आश्चर्य वाटले, असे त्यांच्या पत्नी सांगतात.

संग्रह वाढतो तो क्रमांकांमुळे, हे ज्याने हा छंद केला नाही त्याला सहसा उमगत नाही. दोन वाघिणी रंगाने, आकाराने, चिन्हाने अगदी एकसारख्या असल्या तरी खऱ्या रुळांवर दोघींचा क्रमांक एक असू शकत नाही. म्हणून प्रतिकृती बनवणाऱ्या कंपन्या तीच वाघीण निरनिराळे क्रमांक घालून पुन्हा पुन्हा काढतात. ज्याच्याकडे एक आहे त्याला दुसरी हवी असते, कारण ती दुसरी आहे. व्यापारी दृष्टीने पाहिले तर साचा एकच, छपाई वेगळी, आणि ग्राहक तोच. जर्मनीतील मेर्कलिन कंपनीने हे मर्म फार लवकर ओळखले. १८५९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी आधी बाहुलीघरांसाठी लागणारी खेळण्यातील भांडीकुंडी बनवत असे. बाहुलीघर एकदा घेतले की दरवर्षी त्यात काही ना काही भर घालावी लागते, हे तिला ठाऊक होते. १८९१ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत तिने ठरावीक मापाच्या रुळांवरील आगगाडी मांडली. रूळ एकाच मापाचे, त्यामुळे आज घेतलेल्या गाडीला दहा वर्षांनी घेतलेला डबा जोडता येईल. शंभरावर वर्षे या एका कल्पनेवर किती घरांतील दिवाळी-नाताळ साजरे झाले असतील! तरी त्याच कंपनीला स्थापनेच्या दीडशेव्या वर्षी, २००९ मध्ये, दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुढे ती सावरली. ग्राहक कायमचा बांधला गेला आहे असे कोणत्याही पेढीने मानू नये, एवढे काकाजी यावर म्हणतात आणि गल्ल्याकडे वळतात.

जानेवारी उजाडला की काकाजींचे लक्ष आमचुराच्या भावात कमी असते. जर्मनीतील न्यूर्नबर्ग येथे १९५० पासून खेळण्यांची मोठी व्यापारी जत्रा भरते. जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या आरंभी. तिच्या आगेमागे युरोपातील कंपन्या वर्षभरात येणाऱ्या नव्या मालाच्या याद्या जाहीर करतात. अमेरिकन कंपन्या तर आता वर्षभर घोषणा करीत असतात, आणि त्यांची रीत आपल्या वायद्यासारखी आहे. वाघिणीचे चित्र आधी येते. नोंदणीची शेवटची तारीख ठरते. जेवढी मागणी येईल जवळपास तेवढाच माल बनतो. आणि तो हाती येईपर्यंत वर्ष, कधी दीड वर्षही जाते. तारीख चुकली की ती वाघीण पुढे मिळेलच असे नाही. म्हणजे मनुष्य विकत घेतो ती वस्तू नसतेच. तो विकत घेतो वाट पाहणे. काकाजींच्या वहीत आलेल्या वाघिणींचे एक पान आहे आणि येऊ घातलेल्यांचे दुसरे. दुसरे पान नेहमी अधिक खाडाखोडीचे असते.

आप्तांचा पहिला प्रश्न ठरलेला: याचा भाव वाढतो का? जुन्या पत्र्याच्या, युद्धापूर्वीच्या गाड्यांना लिलावात मोठी किंमत येते, हे खरे. आजच्या प्लॅस्टिकच्या वाघिणीला चाळीस-पन्नास डॉलर मोजले, तर तेवढेही परत येतील याची खात्री नाही. आपल्याकडे तर आयात हाच मोठा अडसर. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. प्रौढाच्या छंदाची प्रतिकृतीही शुल्काच्या त्याच सदरात मोडते. देशी खेळण्यांच्या उद्योगाला आधार मिळावा हा हेतू रास्तच आहे, पण बकऱ्याचे चिन्ह असलेली वाघीण देशी कारखान्यात होत नाही. ज्या मालात मुद्दलही सुटणार नाही असा माल आयुष्यभर सावधपणे व्यापार करणाऱ्या माणसाने भरावा, याचे पेठेला कोडे आहे.

त्यांच्या संग्रहात काय नाही, हे पाहिले तर माणूस अधिक कळतो. अमेरिकन मालडब्यांच्या शौकिनांमध्ये सर्वांत रंगीत आणि लोकप्रिय असतात शीतडबे: पिवळे, नारिंगी, पांढरे, बाजूंवर मोठमोठ्या जाहिराती असलेले. त्यांपैकी कितीतरी शिकागोच्या मांस-कारखानदारांचे. स्विफ्ट आणि आर्मर ही त्यांतील मोठी नावे. तसेच फटींच्या लाकडी भिंतींचे गुरांचे डबे. कारागिरीच्या दृष्टीने हे दोन्ही प्रकार अप्रतिम असतात. काकाजींच्या फळीवर त्यांतील एकही नाही. जावयांनी एकदा अजाणतेपणी असा एक पिवळा डबा आणला होता, त्यावरील नाव वाचून काकाजींनी तो पुन्हा खोक्यात ठेवला आणि जावयांना मान दुखावू न देता सांगितले, "जमाईराज, डबा सुंदर आहे. पण यातून जे गेले त्याची बिल्टी मला फाडता येणार नाही." शीतडबा एकच आहे, पॅसिफिक फ्रूट एक्स्प्रेसचा, नारिंगी रंगाचा. बर्फाने गार ठेवलेल्या या डब्यांतून कॅलिफोर्नियाची फळे पूर्वेकडे जात. नातवाला तो आमचुराचा डबा वाटतो.

बेचाळीस हा आकडा मात्र आपोआप आलेला नाही. काही वर्षांपूर्वी गावात चातुर्मासासाठी महासतीजी विराजमान असताना काकाजींनी श्रावकाची बारा व्रते स्वीकारली. पाचवे व्रत परिग्रह-परिमाणाचे. क्षेत्र, वास्तू, हिरण्य, सुवर्ण, धन, धान्य, द्विपद, चतुष्पद आणि कुप्य, अशा नऊ सदरांत आपापली मर्यादा लिहायची. शेतीचे एकर लिहिले, सोन्याचे तोळे लिहिले. हे सारे एका सायंकाळी झाले. अडले ते वाघिणींपाशी. त्या कोठल्या सदरात घालायच्या? घरातील वस्तूंचे सदर कुप्य, हे उघड होते. पण नातवाने गंभीरपणे सुचवले की वाघीण ही चतुष्पदात जाते. त्यावर दुसऱ्याने हरकत घेतली की हिला पाय आठ आहेत. हसण्यात वेळ गेला, आणि संख्येचा प्रश्न तसाच उरला. त्या वेळी फळीवर एकोणतीस वाघिणी होत्या.

तेव्हा काकाजींनी रेल्वेलाच प्रमाण मानले. आपल्याकडे धान्य, साखर, सिमेंट, खत अशा मालासाठी धावणाऱ्या बीसीएन जातीच्या बंद वाघिणींची पूर्ण रेक बहुधा बेचाळीसची असते. याहून अधिक का जोडत नाहीत? इंजिनात बळ नाही म्हणून नव्हे. समोरून किंवा मागून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी मालगाडी ज्या लूप लाइनवर थांबते, तिची लांबी मर्यादित असते. साधारण ६८६ मीटर. एक वाघीण सुमारे पंधरा मीटर. बेचाळीस वाघिणी आणि इंजिन मिळून साडेसहाशेच्या घरात जातात. याहून लांब गाडी लूपमध्ये मावणार नाही, तिची शेपटी मुख्य मार्गावर राहील आणि मागच्या साऱ्या गाड्या अडतील. परिमाणाचे यापेक्षा सुटसुटीत स्पष्टीकरण त्यांना प्रवचनातही मिळाले नव्हते, असे ते म्हणत. वहीत नोंद झाली: कुप्य, रेल्वेच्या वाघिणी, बेचाळीस.

एकोणतिसाच्या बेचाळीस व्हायला चारच वर्षे लागली. खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली. आता नवी वाघीण हवी तर जुनी द्यावी लागते. आणि मन किती वाटा काढते! दोन वाघिणी कायमच्या जोडून टाकल्या तर त्या एकच मोजाव्यात का? नातवाच्या नावाने घेतली तर? नुसती नोंदवून ठेवली, माल दीड वर्षाने येणार, तोवर ती आपली कशी? एका दुपारी ते हे सारे प्रश्न घेऊन महासतीजींकडे गेले. तेव्हा कळले की आपण नवे काहीच शोधलेले नाही. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात 'योगशास्त्रा'त श्रावकांच्या नेमक्या याच पळवाटा नोंदवून ठेवल्या आहेत: दोन शेतांमधील कुंपण काढून ती एकच मोजणे, मर्यादेची मुदत संपेपर्यंत वस्तू दुसऱ्याकडे बांधून ठेवणे, आपली वस्तू तूर्त दुसऱ्याला देऊन टाकणे. आठशे वर्षांपूर्वीच्या गुजरातेतील व्यापाऱ्याच्या मनाचे हे हिशेब वाचून काकाजींना लाज वाटली, पण त्याहून अधिक करमणूक झाली. आणि नोंदणीबद्दल महासतीजींनी एवढेच विचारले, "रात्री झोपताना ती वाघीण फळीवर दिसते का?" दिसत होती. उमास्वातींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूने न करता मूर्च्छेने केली आहे, हे काकाजींना पाठ होते. ते न्यूर्नबर्गच्या यादीला लागू पडते हे त्यांनी त्या दिवशी प्रथम मान्य केले. तेव्हापासून दुसऱ्या पानावरील नोंदही बेचाळिसातच धरली जाते. नोंदणी करण्यापूर्वी एक वाघीण फळीवरून उतरते.

उतरलेली वाघीण विकायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःच घातला. ती कोणा मुलाला मिळते. मात्र क्रमांक न चुकता वाचून दाखवला तर. तालुक्यात आता अशा सात-आठ वाघिणी विखुरल्या आहेत. त्यांतील एक म्हणे आश्रमशाळेतील एका मुलाकडे आहे, आणि तिने होळीचा मेळाही पाहिला आहे.

या साऱ्यात एक उणीव उरतेच. जी वाघीण या छंदाच्या मुळाशी आहे, ती नंदुरबारच्या धक्क्यावरची तपकिरी बंद वाघीण, फळीवर नाही. जगातील मोठ्या कंपन्या जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन, जपानी गाड्या काढतात. भारतीय मालगाडीला त्यांच्या यादीत क्वचितच जागा मिळते. अडचण बाजारपेठेची आहे, तशी मापाचीही आहे. आपले रूळ १,६७६ मिलिमीटर अंतराचे. त्याचा सत्त्याऐंशीवा भाग म्हणजे सव्वाएकोणीस मिलिमीटर. पण त्या प्रमाणाचे तयार रूळ मिळतात ते साडेसोळा मिलिमीटरचे, कारण ते युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटर अंतरावरून काढलेले. भारतीय वाघीण त्यांवर ठेवली की दणकट माणसाने लहान मुलाचे जोडे घातल्यासारखी दिसते. मोठ्या कारखान्यांनी हा विषय सोडून दिला तरी काही हौशी तरुण घरच्या घरी, त्रिमितीय छपाईच्या यंत्रावर, भारतीय इंजिने आणि वाघिणी घडवू लागले आहेत.

एका व्यक्तीचा हट्ट किती दूर जाऊ शकतो, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी लहानपणापासून जपलेल्या छोट्या आगगाड्यांच्या वेडातून एक संपूर्ण लघुनगरी उभी राहिली आणि १ एप्रिल १९९८ पासून ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली झाली. लग्नाच्या खरेदीसाठी पुण्याला गेलेले काकाजी घरच्या मंडळींना लक्ष्मी रस्त्यावर सोडून तेथे गेले होते. दिवे मालवून नगरीवर रात्र केली जाते आणि गाड्यांचे डबे आतून उजळतात, तो क्षण त्यांनी उभ्यानेच पाहिला. एवढा पसारा पाहून मोह वाढेल, अशी घरी भीती होती. ते परत आले ते वेगळीच गोष्ट बोलत. तेथील गाड्या धावतात, पाहायला मुले येतात. आपल्या वाघिणी मात्र फळीवर उभ्या असतात. त्या महिन्यात माळ्यावर सहा मीटर रूळ टाकले गेले, आणि रविवारी पेठेतील मुलांना जिना चढण्याची परवानगी मिळाली.

यंदा आशा वेगळी आहे. अशाच एका हौशी कारागिराने बीसीएन वाघीण काढण्याचे मनावर घेतले आहे. पुरेशी मागणी आली तर काम सुरू होईल. प्रत्येक वाघिणीवर वेगळा क्रमांक, अकराही आकडे, शेवटचा हिशेबाने जुळणारा. नातवाने काही क्रमांक तपासून दिले. प्रश्न असा की बीसीएन एक घेऊन भागत नाही. ती दिसते रेकमध्येच. एकटी वाघीण म्हणजे रुळांवर विसरलेला डबा. आणि पूर्ण रेक घ्यायची तर बकरा, फळांचा डबा, सारे उतरवावे लागेल. काकाजींनी गेल्या पंधरवड्यात उतरवायच्या वाघिणींची यादी केली आहे, कोणती कोणाला द्यायची यासह. यादी सुवाच्य आहे आणि तीत खाडाखोड नाही. पण तीत नावे एकेचाळीसच आहेत. लेकीने आणलेली पहिली वाघीण तीत नाही.

"मग रेक एकेचाळीसची होईल, दादाजी," नातवाने हिशेब दाखवला.

"होऊ दे. एक वाघीण सिक लाइनला गेली, असे लिहून ठेव," काकाजी म्हणाले, आणि कारागिराला मागणीचा आकडा कळवायला खाली दुकानात गेले.